आइस्क्रीमच्या डब्यातलं इंजिन

ऑकलंडहून एका वाचकाचं पत्र आलंय. थोडक्यात असं: 'मी मूळचा इचलकरंजीचा. गेल्या हिवाळ्यात इथे जपानहून आयात झालेली 1989 ची माझदा आरएक्स-7 टर्बो घेतली. आधीच्या मालकाने इंजिन खोलून ठेवलं होतं. आतली सगळी सीलं आणि स्प्रिंगा त्याने आइस्क्रीमच्या दोन रिकाम्या डब्यांत भरून दिल्या. कुठली कुठल्या रोटरची, काही खूण नाही. अपेक्स सीलं सात निघाली. त्यातलं एक बाकीच्यांपेक्षा जाड आहे आणि एकाचं टोक उडालंय. काही गोल स्प्रिंगांवर निळसर रंग दिसतो. नवं पूर्ण किट घ्यायचं तर खिसा रिकामा होईल. आमचे बाबा, ज्यांनी तीस वर्षं यंत्रमाग चालवले, फोनवर म्हणतात, लोखंडच ना ते, घासून लाव. काय परत वापरता येईल? आणि काय कुठे जातं ते ओळखू कसं?'

बाबांना माझा नमस्कार सांगा. मागाच्या बाबतीत त्यांचं बरोबरच आहे. तिथे भाग झिजला तर आवाज बदलतो, कापड सांगतं, आणि दुपारी माग थांबवून भाग बदलता येतो. तुमच्या गाडीतल्या रोटरी इंजिनात, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो त्या इंजिनात, काही सांगणारं कापड नसतं. परत खोलायचं म्हणजे इंजिन गाडीतून बाहेर काढायचं आणि सगळे थर पहिल्यापासून उतरवायचे. म्हणून थोडा वेळ आत्ताच घालवा.

आधी मोजणी. तुमच्या 13बी इंजिनात दोन रोटर. दोन्हींची मिळून अपेक्स सीलं (रोटरच्या तीन टोकांवरच्या पट्ट्या) सहा, कॉर्नर सीलं (त्या टोकांच्या दोन्ही बाजूंची गोल बटणं) बारा, साइड सीलं (रोटरच्या बाजूंवरच्या वक्र पट्ट्या) बारा आणि ऑइल सीलच्या (तेल अडवणाऱ्या) पोलादी रिंगा आठ. स्प्रिंगा अशा: अपेक्सखाली लांब सहा आणि आखूड सहा, साइड सीलखाली बारा, कॉर्नरखाली बारा, ऑइल सीलखाली आठ. एकूण सीलं 38 आणि स्प्रिंगा 44. टेबलावर जुनं पांढरं बेडशीट अंथरा आणि सगळं वेगवेगळं मांडा. काळ्या सतरंजीवर मांडू नका. कॉर्नरची स्प्रिंग शर्टाच्या बटणाएवढी असते, ती सतरंजीत हरवली की रात्रभर गुडघ्यावर रांगावं लागतं.

आता ते सातवं, जाड सील. वर्नियर लावा. ते 3 मिलिमीटर भरेल आणि बाकीची 2 मिलिमीटर. माझदाने 1986 च्या मॉडेलपासून 13बी ची अपेक्स सीलं 2 मिलिमीटरची केली. त्याआधी ती 3 मिलिमीटरची असत. म्हणजे तुमच्या डब्यात किमान दोन इंजिनांचा माल आहे. तुमच्या पत्रातली ही सर्वात महत्त्वाची बातमी, आणि तुम्ही ती जाता जाता लिहिलीत! जिथे एक सील दुसऱ्या इंजिनाचं निघालं, तिथे स्प्रिंगाही आल्या असणार. आणि स्प्रिंगेवर साल छापलेलं नसतं.

एरवी मी सांगितलं असतं की चांगलं सील त्याच्याच खाचेत, त्याच दिशेने परत बसवा. रोटरी बांधणारे इंजिन खोलतानाच खणाखणांचा डबा घेऊन बसतात. रोटरच्या कोपऱ्यांना क्रमांक देतात, सीलच्या पोटावर मार्करने तोच क्रमांक टाकतात. मार्करनेच, पंच मारला किंवा कानस लावली तर सील गेलं. कारण सील झिजतं ते आपल्या खाचेच्या आणि आपल्या हाउसिंगच्या, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या कवचाच्या, मापाने. तिसऱ्या वर्षी चपलेला आपल्या पायाचा ठसा पडतो, तसं. तुमच्याकडे कुठलं सील कुठल्या खाचेचं ही माहितीच नाही. उरतं ते फक्त माप. डोळ्यांनी 'चांगलं दिसतंय' म्हणून काहीही बसवायचं नाही, हे आजपासून ठरवा.

पण सीलकडे वळण्याआधी हाउसिंग बघा. ते गेलं असेल तर सीलांवर खर्च करणंच व्यर्थ. आतल्या क्रोमच्या पृष्ठभागावर, विशेषतः स्पार्क प्लगांच्या आसपास आणि कडांना, क्रोम सुटून खालचा धातू दिसतो का ते बघा. मग नख फिरवा, गोलाईच्या दिशेने. कपडे धुवायच्या पाट्यासारख्या बारीक लाटा लागल्या तर ते चॅटर मार्क. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला हिरोशिमात माझदाच्या केनिची यामामोतोंच्या चमूने याच लाटांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हटलं होतं. सील खाचेत थरथरायचं आणि हाउसिंग खरवडून काढायचं. सीलचा पदार्थ आणि घडण बदलत बदलत त्यांनी ते आवरलं, तेव्हा कुठे 1967 मध्ये कॉस्मो स्पोर्ट विक्रीला आली. तुमच्या नखाला लाट लागली तर हे पत्र बाजूला ठेवा आणि आधी हाउसिंग शोधा.

टोक उडालेलं सील हा दुसरा पुरावा. टर्बो गाडीत सीलचं टोक उडतं ते बहुतेक वेळा नॉकिंगमुळे, म्हणजे मिश्रण ज्योत पोचण्याआधीच आपोआप धडाक्याने पेटल्यामुळे. तो तुकडा गेला कुठे? एक्झॉस्टमधून बाहेर, आणि बाहेर वाटेत टर्बोचं चाक बसलंय. टर्बाइनची पाती बोटांनी चाचपा, एखाद्या पात्याला खड्डा किंवा वाकलेली कड लागते का बघा. रोटरच्या त्या कोपऱ्याची खाचही नीट तपासा. खाचेचं तोंड दबलेलं असेल तर नवंकोरं सीलही तिथे अडकेल. आणि नॉकिंग का झालं, इंधन कमी पडलं की बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवून ठेवला होता, हे न शोधता इंजिन बांधलं तर तुमची नवी सीलंही त्याच रस्त्याने जातील.

सील काम कसं करतं हे कळलं की निम्मे प्रश्न सुटतात. इंजिन चालू असताना सीलला हाउसिंगवर दाबून धरण्याचं मोठं काम स्प्रिंग करत नाही, जळणारा वायूच करतो. तो खाचेतल्या बारीक फटीतून सीलच्या मागे आणि खाली शिरतो आणि त्याला बाहेर रेटतो. म्हणून खाच आणि सील यांच्यात थोडी फट हवीच, अगदी घट्ट बसलेलं सील चांगलं नव्हे. स्प्रिंगेची खरी गरज स्टार्टर मारताना असते, जेव्हा आत दाबच नसतो. मेलेल्या स्प्रिंगांचं इंजिन म्हणूनच फसवतं. सकाळी कसंबसं सुरू होतं, हायवेवर मस्त पळतं, आणि पेट्रोल भरायला थांबलात की गरम इंजिन परत सुरूच होत नाही. मागे रांग, तुम्ही बॉनेट उघडून उभे.

आता ओळख. अपेक्सच्या स्प्रिंगा धनुष्यासारख्या वाकलेल्या पट्ट्या, लांब आणि आखूड अशा दोन जातीच्या. साइड सीलच्या स्प्रिंगा बारीक, नागमोडी आणि साइड सीलच्याच गोलाईत वळलेल्या. कॉर्नरच्या म्हणजे ती बटणाएवढी नागमोडी चकती. ऑइल सीलच्या मोठ्या गोल नागमोडी कड्या, बांगडीसारख्या, दोन व्यासांच्या: रोटरच्या प्रत्येक बाजूला एक आतली, एक बाहेरची.

त्या बांगड्यांवरचा निळा रंग शोभेचा नाही. ऑइल सीलच्या स्प्रिंगा दोन रंगांच्या येतात, पांढरट आणि निळ्या. पांढरट स्प्रिंगा दोन्ही रोटरांच्या पुढच्या तोंडाला, निळ्या दोन्ही रोटरांच्या मागच्या तोंडाला. पुढचं म्हणजे रेडिएटरकडचं. इथे भलेभले घसरतात. रोटरच्या एका तोंडावर आतल्या दात्यांचं गिअर दिसतं, आणि माणूस समजतो की गिअर म्हणजे पुढची बाजू. तसं नाही. रोटरचं गिअर ज्यावर फिरतं ते स्थिर गिअर एक पुढच्या लोखंडी प्लेटमध्ये आहे आणि एक मागच्या प्लेटमध्ये. म्हणून पुढच्या रोटरचं गिअर पुढे येतं आणि मागच्या रोटरचं मागे. पुढच्या रोटरला गिअरच्या बाजूला पांढरट स्प्रिंग, मागच्याला गिअरच्या बाजूला निळी. बसवताना रंगवलेली, चौकोनी कडेची बाजू वर ठेवायची आणि खाचेतल्या अडकणीच्या छिद्रात स्प्रिंगेचं गोल टोक घालायचं. रंग उडाला असेल तर अंदाज करत बसू नका.

साफसफाईबद्दल. काजळी सीलवरून काढायला सँडपेपर नको, तारेचा ब्रशही नको. कार्ब्युरेटर क्लीनर किंवा कार्बन काढणाऱ्या द्रवात रात्रभर भिजवा, सकाळी सुती फडक्याने पुसा. हे काम उघड्यावर करा आणि विडी-सिगारेट लांब ठेवा. खाचा साफ करायला सर्वात चांगलं हत्यार तुमच्या डब्यातच आहे. टोक उडालेलं ते 2 मिलिमीटरचं सील घ्या आणि ते खाचेत पुढेमागे ओढा. रुंदी बरोबर खाचेची, त्यामुळे भिंती न खरवडता तळाची काजळी वड्या पडल्यासारखी निघते. आमच्याकडे ब्रिस्बेनच्या गॅरेजात असं एक मोडकं सील खिळ्याला टांगलेलं असायचं. नव्या पोराने ते कचऱ्यात टाकलं की दिवसभर बोलणी खायचा.

अपेक्स सीलं: नवीन घ्या. माझं मत स्पष्ट आहे. कागदावर बघाल तर तुमच्या इंजिनाच्या नव्या सीलची उंची 8.0 मिलिमीटर आणि झिजेची मर्यादा 6.5. खाचेतली फट 0.15 पर्यंत चालते, बाक 0.06 पर्यंत. दोन सीलं पाठीला पाठ लावून खिडकीसमोर धरलीत तर बाक उजेडाच्या रेघेने दिसतो. तुमची सहापैकी पाच या सगळ्या परीक्षांत पास होतीलही. पण एक तुटलंय, म्हणजे त्या इंजिनाने नॉकिंग सोसलंय, आणि तोच मार बाकीच्या पाचांनीही खाल्लाय. शिवाय ती पाच कोणत्या इंजिनाची, हे तुम्ही सांगू शकत नाही. खर्च इथे करा. नवी घेताना कडकपणाची जाहिरात बघून भुलू नका. फार कठीण सील स्वतः टिकतं आणि हाउसिंगला खातं, आणि हाउसिंग सीलपेक्षा कितीतरी महाग पडतं. रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर कारखान्याच्या मूळ जातीची सीलं बरी.

साइड सीलबद्दल माझं आणि माझ्या जुन्या जोडीदाराचं कधीच पटलं नाही. तो जुनी परत लावायचा. मापात बसत असेल तर त्याची चूक नाही. साइड सीलचं टोक आणि कॉर्नर सील यांच्यातली फट नव्याला 0.05 ते 0.15 मिलिमीटर, आणि 0.40 च्या पुढे गेली तर सील बाद. पण जुनं सील लांबीला कमी झालेलं असतं आणि ती लांबी परत वाढवता येत नाही. बारा फटी, प्रत्येकातून थोडी थोडी गळती, आणि मग विचारायचं की नव्या अपेक्स सीलांनी कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, का येत नाही. तुमच्याकडे तर बारा सीलं पुन्हा पुन्हा बदलून बघावी लागतील. शिवाय वेगवेगळ्या सालच्या साइड सीलांची जाडी सारखी नसते.

नवी साइड सीलं लांबीला जरा जास्त येतात, ती कानशीने उतरवावी लागतात. हे काम घाईचं नाही. कॉर्नर सील जागेवर बसवा, साइड सील खाचेत ठेवा, एक टोक एका कॉर्नरला टेकवा आणि दुसऱ्या टोकाशी फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पाती घाला. बारीक कानशीचे टोकावर दोन-तीन हलके हात. टोकाला बर, म्हणजे धातूचा बारीक कंगोरा, राहिली तर ती पुढे बाजूच्या प्लेटवर रेघ ओढते. पुन्हा बसवा, पुन्हा मोजा. पाव मिलिमीटर जास्त गेलं तर ते सील भंगारात, शिवण उसवावी तसं इथे काही उसवता येत नाही. बसलं की त्या खाचेचा क्रमांक लिहिलेल्या पाकिटात टाका. मी एका सीलला पंधरा मिनिटं धरायचो. बारा सीलं, म्हणजे रविवारची सकाळ गेली. चहाचा कप बेडशीटवर ठेवू नका.

कॉर्नर सीलं मात्र टिकाऊ असतात. इथे पैसे वाचवता येतील. वरच्या तोंडावर ओरखडे किंवा असमान चमक नको. रोटरच्या भोकात बोटाने सरकवली की अडकू नये आणि डुगडुगूही नये. भोक स्वतः झिजलंय का हे बघायला माझदाचा खास गेज येतो. जवळपास कुणी रोटरी बांधणारा असेल तर त्याच्याकडून एका दुपारपुरता मागून आणा, न्यूझीलंडमध्ये रोटरीवेडे काही कमी नाहीत. कॉर्नरच्या चिरेत नवं अपेक्स सील घालून बघा. चीर रुंदावली असेल तर ते कॉर्नर बाद करा.

ऑइल सीलच्या पोलादी रिंगा परत वापरायला मी बहुतेक वेळा हो म्हणतो. रिंग उन्हात तिरकी धरा. घासणारी कड रेशमाच्या धाग्याएवढी बारीक चमकायला हवी. झिजत झिजत ती चपटी होते, आणि तिची रुंदी 0.5 मिलिमीटरच्या वर गेली की रिंग संपली. बसवल्यावर रिंग रोटरच्या तोंडापेक्षा किमान 0.5 मिलिमीटर वर उभी राहिली पाहिजे आणि बोटाने दाबून सोडली की टुणकन वर आली पाहिजे.

पण त्या रिंगांवरचे रबरी ओ-रिंग नवेच. याची फी मी भरलेली आहे. पहिल्या-दुसऱ्या इंजिनाच्या वेळी जुने ओ-रिंग बोटात दाबून बघितले, मऊ लागले, लावून टाकले. दोन महिन्यांनी सिग्नलला गाडी उभी राहिली की मागे निळा धूर. शेजारच्या गाडीतली बाई काच वर करायची. वडापावच्या किमतीच्या रबरासाठी अख्खं इंजिन परत उतरवलं. आतून काढलेले ते ओ-रिंग हातात मोडले, वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखे.

पाण्याच्या सीलांबद्दल (इंजिन थंड ठेवणारं पाणी अडवणारी) विचारलंच नाहीत, तरी सांगतो: ती परत वापरायचीच नाहीत. तुमच्या मॉडेलमध्ये त्यांच्या खाचा बाजूच्या लोखंडी प्लेटांत असतात. खाचेची आतली भिंत पातळ असते आणि गंजून तडकते, तेव्हा प्लेटा धुतल्यावर ती भिंत पूर्ण गोलाईभर नीट बघा. तुटलेली दिसली तर सील नवं असूनही पाणी ज्वलनकक्षात शिरणार.

राहिल्या 44 स्प्रिंगा. सगळ्या नव्या. घासाघीस करू नका. उष्णतेने स्प्रिंगेचा जोर जातो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. पटत नसेल तर नवी अपेक्स स्प्रिंग आली की काचेवर जुन्याशेजारी ठेवा, जुनी खाली बसलेली दिसेल. मग आपल्याकडचा शहाणा माणूस काय करतो, तर जुनी दोन्ही हातांनी ताणून उंची परत आणतो. उंची येते, जोर येत नाही, आणि दहा तापवण्यांनंतर उंचीही जाते. तुमच्या बाबतीत तर त्या कुठल्या सालच्या, हेही माहीत नाही. कॉर्नरच्या, साइडच्या, अपेक्सच्या, ऑइल सीलच्या, सगळ्या स्प्रिंगा मिळून अपेक्स सीलांच्या संचापेक्षा स्वस्तच पडतील.

म्हणजे पैसे या क्रमाने: हाउसिंग आणि प्लेटा तपासून झाल्यावर रबरं आणि स्प्रिंगा, मग अपेक्स सीलं, मग साइड सीलं. कॉर्नर आणि ऑइल रिंगा मापात असल्या तर जुन्या. पूर्ण किट नकोच असं नाही, पण सुटं घेतलंत तर बरंच वाचेल. बांधताना सीलं आणि स्प्रिंगा जागेवर धरून ठेवायला व्हॅसलीन वापरा, ग्रीस नको. व्हॅसलीन पहिल्या मिनिटातच जळून जातं.

इंजिन सुरू झालं, तापलं, की कॉम्प्रेशन घ्या. पिस्टनचा साधा गेज असेल तर त्यातली वॉल्व्हची पिन काढा, नाहीतर तो रोटरभोवतीच्या तीन कक्षांपैकी फक्त सर्वात जोरदार एकाचं माप धरून ठेवतो आणि तुम्ही उगाच खूश होता. पिन काढल्यावर काटा तीनदा उडतो, प्रत्येक उडी एका कक्षाची. 250 आरपीएमला किमान 6.0 किलो प्रति चौरस सेंटीमीटर हवं, आणि तिन्ही उड्यांत 1.5 पेक्षा जास्त फरक नको. पुढच्या रोटरच्या तीन आणि मागच्याच्या तीन अशी सहा मापं, थंड इंजिनाची आणि गरम इंजिनाची वेगवेगळी, मला कळवा. गरम मापं थंडपेक्षा फारच पडली तर मला आधी साइड सीलच्या पाकिटांवर लिहिलेल्या फटी पाठवा, त्या लिहून ठेवल्या असतील असं धरून चालतो.